गाय पॉझिटिव्ह आली तर पुढं काय, ते आधी ठरवा

बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातल्या गावोगावच्या दूध संस्थांचे चेअरमन, संचालक मंडळ आणि सेक्रेटरी यांना खुलं पत्र

चेअरमनसाहेब आणि संचालक मंडळी, नमस्कार.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा म्हणून हे लिहिते आहे. विषय जनावरांच्या ब्रुसेलोसिस तपासणीचा. गाई-म्हशींचा गर्भ पाडणारा आणि माणसालाही ताप आणणारा हा जंतूचा रोग. तो 'ऐनवेळचे विषय' म्हणून शेवटी, चिवड्याच्या पुड्या वाटायला सुरुवात झाल्यावर नको. फरक बिलाच्या, म्हणजे वर्षाअखेरच्या जादा दराच्या वाटपाच्या आधी घ्या. फरक बिल जाहीर झालं की अर्धी सभा उठते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

हे पत्र पशुसंवर्धन खात्याला लिहायचं सोडून तुम्हाला का, असं कुणी विचारेल. खात्याकडे डॉक्टर आहेत, लस आहे, कायदा आहे. पण रोज दोन वेळा प्रत्येक गोठ्यातलं दूध तुमच्या टेबलावर येतं. कुणाची म्हैस व्यायली, कुणाची गाय आटली, कुणाचं दूध एकाएकी निम्म्यावर आलं, हे सेक्रेटरीला भावकीच्या आधी कळतं. गाईचं कर्ज तुमच्या शिफारशीनं मिळतं, पेंड तुमच्याकडून उधारीवर येते, हप्ता तुम्ही बिलातून कापून घेता. गोठ्याची सगळी दावी तुमच्या हातात आहेत. डॉक्टर गावात येतो आणि जातो.

मी निपाणी तालुक्यातली. घरी म्हशी आहेत, दोन संकरित गाई आहेत, आणि लग्न होऊन आल्यापासून दूध डेअरीलाच घालते. खाली लिहिलंय ते गोठ्यात उभं राहून दिसलेलं आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतलेलं आहे.

गाय गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आधी तिनं वासरू टाकलं, की आपल्याकडं कारणं तयारच असतात. उसाचं वाडं जास्त झालं. शेजारच्या म्हशीनं शिंग मारलं. शेणात पाय घसरला. दृष्ट लागली. पावसाळ्यात झालं तर हिरव्या चाऱ्यावर ढकलायचं आणि उन्हाळ्यात झालं तर उष्णतेवर. यातलं एखादं कारण एखाद्या वेळी खरंही असेल. पण पाचवा महिना उलटून गेल्यावर, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात वासरू पडतं, जार (वार) पडत नाही, आणि वर्षाच्या आत त्याच दावणीला दुसरी गाय तसंच करते, तेव्हा दृष्ट काढून भागत नाही. 'ब्रुसेला अबॉर्टस' हा जंतू नेमकं हेच करतो.

आता पुढचं नेहमीचं चित्र सांगते. तुमच्यातल्या कुणी पाहिलं नसेल असं नाही. अर्धवट वाढलेलं वासरू पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घालून ओढ्याला नाहीतर कॅनॉलच्या कडेला टाकतात. रात्री कुत्री ते ओढत परत गल्लीत आणतात. जार अडकला असेल तर घरातली बाई किंवा गल्लीतला एखादा जाणता हाताला गोडंतेल लावून कोपरापर्यंत हात घालतो आणि चाचपून चाचपून ओढतो. हाताला वैरणीची कापं असतात, विळ्याची असतात, नखं उखडलेली असतात. मग पाइप लावून गोठा धुतात आणि ते लालसर पाणी गटारीतून खालच्या घराच्या गोठ्यापुढून वाहत जातं. त्या वासरात, त्या जारात, त्या पाण्यात हा जंतू सगळ्यात जास्त असतो. कडक उन्हात तो लवकर मरतो. ओलीत, सावलीत, शेणात मात्र कित्येक आठवडे, थंडाव्यात तर महिनेही टिकतो. खानापूरकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन किती पडतं ते मी सांगायला नको.

सगळ्यात फसवी गोष्ट याच्याही पुढची आहे. एकदा गाभडलेली गाय पुढच्या वेताला बहुतेकदा नीट वासरू देते. घरचे म्हणतात, गेलं एकदाचं संकट. गेलेलं नसतं. जंतू कासेत आणि कासेजवळच्या गाठींत बसून राहतो, दुधातून पडतो, व्यायल्यावर जारातून आणि स्रावातून पडतो. वरून गाय ठणठणीत, खाणंपिणं चोख, दूधही बरं. अशी गाय ओळखायची तर रक्त तपासायचं नाहीतर दूध. डोळ्यांनी ती ओळखू येत नाही.

माणसांचं सांगते. आमच्या घरच्यांना असाच ताप धरला होता. दिवसभर माणूस हिंडतंफिरतं, संध्याकाळ झाली की अंगात कणकण, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरलेली, उठबस होईना. टायफॉइड म्हणून औषध झालं, चार दिवस उतरला, पुन्हा आला. पुन्हा टायफॉइड. मग कुणी टीबीची शंका काढली. शेवटी एका डॉक्टरांनी व्यवसाय काय ते विचारलं आणि ब्रुसेलासाठी रक्त पाठवलं. पुढं सहा आठवडे दोन प्रकारच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या तर ताप उलटतो, म्हणून डबीत मोजून ठेवलेल्या. पुरुषांच्या अंडकोषाला सूज येते ती याच दुखण्यात येऊ शकते, आणि लाजेपायी कुणी सांगत नाही. माणसासाठी या रोगाची लस नाही.

हे काही आमच्या एकट्याच्या घरचं नाही. आपल्या शेजारच्या विजापुरात वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी सोळा वर्षांतल्या ४९५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास करून तो २००६ साली छापला. लहान मुलांचे रुग्ण त्यांनी वेगळे मांडले होते. विजापूर आणि आपण यांच्यात फरक कसला? तीच जनावरं, तेच बाजार, तेच कच्चं दूध पिणं.

म्हणून तुमच्याकडं पहिली मागणी अगदी स्वस्तातली. प्रत्येक सभासदाला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड छापून द्या: 'मी जनावरं सांभाळतो. ताप लांबला तर ब्रुसेलाची तपासणी करावी.' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. दवाखान्यात केसपेपरसोबत ते कार्ड टेबलावर ठेवायचं. तपासायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. निदान विचार तरी तिकडं जाईल.

आता तुमची भीती. ती मला कळते, कारण एका संचालकांनी ती माझ्यापाशी बोलून दाखवली. 'बाई, तपासणी केली आणि गावातल्या दुधात रोग निघाला अशी बोंब झाली, तर आमचं दूध कोण घेणार?' याचं उत्तर सरळ आहे. संघाच्या प्लांटमध्ये दूध ७२ अंशाला १५ सेकंद तापवतात, त्यात हा जंतू मरतो. घरी दूध उतू जाईपर्यंत उकळलं तरी मरतो. पिशवीतलं दूध घेणाऱ्या शहरातल्या बाईला यातून धोका नाही. धोका आहे तो धार काढणाऱ्याला, शेण काढणाऱ्या बाईला, जार ओढणाऱ्याला, आणि तांब्या घेऊन गोठ्यात बसून धारोष्ण पिणाऱ्या पोराला. म्हणजे ग्राहकाच्या आधी तुमच्या सभासदाला. माल्टा बेटावरची गोष्ट डॉक्टर लोक नेहमी सांगतात. तिथल्या ब्रिटिश फौजेतली माणसं तापानं मरत होती. डेव्हिड ब्रूसनं १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट या तिथल्याच डॉक्टरला तो चांगल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. १९०६ मध्ये फौजेला शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला. तेव्हा दूध बंद करावं लागलं. आज उकळून भागतं.

तपासणी कशी होते ते सभेत नीट समजावून सांगा, कारण लोकांना वाटतं बेंगळुरूहून पथक येणार, गाडी येणार. पहिली पायरी तर दुधावरच होते. तिला मिल्क रिंग टेस्ट म्हणतात. एका लहान नळीत थोडं दूध घ्यायचं, त्यात निळ्या रंगाचं अँटिजेन (मारलेल्या जंतूचं द्रावण) थेंबभर टाकायचं, हलवायचं आणि अंगाच्या उबेएवढ्या तापमानात तासभर ठेवायचं. दुधात रोगाच्या विरोधातली द्रव्यं असतील तर निळा रंग साईबरोबर वर चढतो. वर गडद निळं कडं आणि खाली पांढरं दूध. नसतील तर साय पांढरी आणि खालचं दूध निळसर राहतं. तुमच्याकडं फॅट काढणारा पोरगा हे एका दिवसात शिकेल. मात्र नमुना कुणी घ्यायचा, अँटिजेन कुठून आणायचं आणि निकाल कुणी वाचायचा, हे खात्याच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

या टेस्टच्या खोडीही सांगून टाका, म्हणजे नंतर भांडणं नकोत. नुकत्याच व्यायलेल्या गाईचा चीक, कासदाह झालेल्या गाईचं दूध, आटत आलेलं दूध, यांत ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. मोठ्या कॅनमध्ये एका आजारी गाईचं दूध पन्नास गाईंच्या दुधात मिसळलं की कडं पुसट होतं. शेळी-मेंढीच्या दुधाला ती भरवशाची नाही. म्हणून कॅनचं कडं निळं आलं तर त्यावरून कुणाच्या गोठ्यावर बोट ठेवायचं नाही. कॅन सांगतो एवढंच की आता या रांगेतल्या जनावरांचं रक्त घ्या.

रक्ताची पहिली चाचणी रोझ बेंगाल. मानेच्या शिरेतून थोडं रक्त घेतात, ते गोठलं की वरचा पिवळसर द्रव काढतात. त्याचा एक थेंब आणि गुलाबी अँटिजेनचा एक थेंब काचेवर एकत्र करून चार मिनिटं हलवत राहायचं. गुलाबी रंग एकजीव राहिला तर निगेटिव्ह, रवाळ गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. एवढ्यावर शिक्का मारायचा नाही. खात्री एलायझासारख्या चाचणीनं करायची. त्यासाठी आपल्याला परदेशात जायचं नाही. पशुरोगांचा अभ्यास करणारी 'निवेदी' ही राष्ट्रीय संस्था आपल्याच राज्यात, बेंगळुरूला आहे, आणि ब्रुसेलावर तिचं मोठं काम आहे. नुकत्याच गाभडलेल्या गाईच्या रक्तात कधी कधी लगेच काही दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं. आजारी गाईच्या पोटची कालवड तर पहिल्या वेतापर्यंत निगेटिव्ह राहून नंतर पॉझिटिव्ह निघू शकते. एकदा तपासलं, कागद फायलीला लावला आणि सुटलो, असं हे काम नाही.

इथवर बहुतेकांना पटेल. गाडं अडतं ते याच्या पुढं, आणि माझं पत्र खरं त्याच्यासाठीच आहे.

समजा, तपासणीत माझी गाय पॉझिटिव्ह आली. तुम्ही मला काय सांगणार? औषध? जनावराला यावर भरवशाचं औषध नाही, आणि डॉक्टरही ते देऊ नका म्हणतात. पाश्चात्त्य देशांनी हा रोग घालवला तो पॉझिटिव्ह जनावर कापून आणि मालकाला भरपाई देऊन. आपल्याकडं गाईच्या बाबतीत ती वाट सहसा धरली जात नाही. मला ती हवीही नाही, पण मग दुसरी कुठली ते तरी कुणी सांगायला हवं. कर्नाटकात २०२० च्या गोहत्या प्रतिबंधक कायद्यानंतर म्हातारी, भाकड गायसुद्धा कापायला विकता येत नाही. गाईवर कर्ज आहे, हप्ता चालू आहे. घरात तिच्या दुधावर शाळेची फी आणि किराणा चालतो. अशा वेळी माणूस काय करतो? हेड्याला, म्हणजे जनावरांच्या दलालाला फोन करतो.

आमच्या भागात हे घडलेलं आहे आणि तुमच्याही भागात घडलेलं असणार. मालकानं खासगी लॅबमध्ये रक्त तपासून घेतलं, निकाल वाईट आला, कुणाला न सांगता आठवड्याच्या आत गाय बाजारात. रुमालाखाली बोटं दाबली गेली, दर थोडा पडला, घेणारा सीमेपलीकडचा, स्वस्तात दुधाळ गाय मिळाली म्हणून खुशीत. ती त्याच्या गोठ्यात व्याली की तिथल्या दावणीला रोग लागला. आणि तिकडची तशीच एखादी आपल्याकडं येतच असेल. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढं दुसरी वाट आपण कुणी ठेवलीच नव्हती. पण असं व्हायला लागलं तर तपासणीनंच रोग पसरतो, हे तुम्ही-आम्ही मान्य करायला हवं. जे तपासून घेतच नाहीत त्यांचंही गणित हेच आहे. कळलं तर नुकसान, न कळलं तर निदान आजचा दिवस निघतो.

तेव्हा रक्ताची पहिली नळी भरायच्या आधी संस्थेनं ठराव करून सांगावं की पॉझिटिव्ह गाईचं आणि तिच्या मालकाचं काय होईल. मला सुचतं ते लिहिते. सभेत यात भर घाला, काटछाट करा.

निकाल मालकाला, डॉक्टरांना आणि फक्त सेक्रेटरीला कळेल. फळ्यावर नाव लागणार नाही. त्या गाईच्या दुधाचं काय करायचं ते खात्याच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. वेगळं ठेवायला सांगितलं तर तेवढ्या लिटरचे पैसे निधीतून द्या, पण बिल एकाएकी थांबवू नका. कर्जाचे हप्ते लांबवून मिळावेत म्हणून बँकेकडं शिफारस संस्थेनं करायची. गाय दावणीच्या टोकाला, शक्य असेल तर वेगळ्या छपरात बांधायची, धार सगळ्यांच्या शेवटी काढायची, व्यायच्या वेळी तिला नक्की वेगळं करायचं. वळूला दाखवायची नाही, भरवायची तर कृत्रिम रेतनानंच. आणि विकायची नाही. विकली तर ती तपासलेली आहे आणि निकाल काय आहे ते घेणाऱ्याला सांगूनच. जो सभासद हे पाळेल त्याला निधीतून मदत. जो लपवून बाजार करेल त्याचा हक्क जाईल. यातलं शेवटचं कलम सभेत वाजणार, हे धरूनच चाला.

निधी कुठून? गणित मांडते. हजार लिटर संकलनाच्या संस्थेनं लिटरमागं दहा पैसे बाजूला काढले तर दिवसाला १०० रुपये, वर्षाला ३६,५०० होतात. त्यात चांगली संकरित गाय येत नाही, मान्य. पण गाईच्या किमतीची भरपाई मी मागतच नाहीये. दुधाचा फरक, छपराला चार पत्रे, तपासणीचा खर्च एवढं त्यात बसतं. अशा दहा संस्था एकत्र आल्या तर ३ लाख ६५ हजार. सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला कर्नाटक शासन लिटरमागं ५ रुपये प्रोत्साहनधन देतं. त्यातले दहा पैसे इकडं वळवले तर कुणाची चूल विझणार नाही. आणि निधी उभा राहिला की संघाकडं आणि खात्याकडं 'आम्ही एवढं घातलं, तुम्ही किती घालता?' असं विचारायला तोंड राहतं.

लसीचं थोडक्यात. केंद्रानं २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी देशभर कार्यक्रम सुरू केला. त्यात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि रेडींना (रेड्यांना नव्हे) 'एस-१९' ही लस आयुष्यात एकदाच, फुकट टोचतात. लस देणारे कन्नडमध्ये 'कंदु रोगा'ची लस म्हणतात. आमच्या गल्लीत दोघींनी ती कसली तरी भलतीच लस समजून कालवडी मागच्या परड्यात नेऊन बांधल्या होत्या. चावडीवर मराठीत एक फलक लागला असता तर तसं झालं नसतं. पण मोठी अडचण वयाची आहे. पथक फेरीनं येतं. आज तीन महिन्यांची असलेली कालवड पुढच्या फेरीला नऊ महिन्यांची होऊन बसते. तुमच्या सेक्रेटरीकडं कोण कधी व्यायलं याची नोंद आपोआप होते, त्यात 'कालवड की पाडा' एवढा एक रकाना वाढवा. चौथा महिना पूर्ण झाला की यादी डॉक्टरांकडं. ही लस जिवंत जंतूची आहे, टोचताना सुई माणसाला लागली तर माणूस आजारी पडू शकतो. म्हणून मेडिकलमधून आणून घरी टोचायचा उद्योग कुणी करू नये. गाभण गाईला आणि पाड्याला ती द्यायची नाही. मोठ्या गाईला दिली तर पुढं रक्ततपासणीत रोग कुठला आणि लस कुठली तेच कळेनासं होतं.

आता सीमेचं. आपल्या भागातली जनावरं राज्य बघून हिंडत नाहीत. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला दोन्हीकडची माणसं आणि जनावरं येतात, इकडचे लोक वडगावच्या आणि सांगोल्याच्या बाजारात जातात, लेकीला आंदण दिलेली गाय कागलहून निपाणीला येते. कोगनोळीच्या नाक्यावर कोण थांबवून विचारणार की या गाईचं रक्त तपासलंय का? पण कानातला पिवळा बिल्ला दोन्हीकडं एकच आहे. त्यावरचा बारा आकडी नंबर देशभर चालतो आणि लस टोचल्याची नोंद त्याच नंबरावर होते. तेव्हा नवीन जनावर आणणाऱ्या सभासदाला संस्थेनं एवढंच सांगावं: बिल्ल्याचा नंबर आधी फोनवर पाठव, आम्ही डॉक्टरांकडून नोंद बघून घेतो, आणल्यावर महिनाभर वेगळं बांध, रक्त तपासून मग दावणीला घे. पलीकडच्या गावातल्या संस्थांशीही बोला. तिथले चेअरमन तुमचे पाव्हणेच आहेत, लग्नात भेटता तेव्हा दराशिवाय हेही बोला. सीमेवर काही होत नाही असं कुणी म्हणू नये. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा दोन्ही राज्यांत जनावरांचे बाजार बंद झाले होते, आणि ते बंद राहिलेले आपण पाहिले. लम्पीत अंगावर गाठी दिसत होत्या म्हणून सगळे हलले. इथं काही दिसत नाही, एवढाच फरक.

बकऱ्यांचा कळप शेतात बसवताना सुद्धा हा विचार करावा लागेल. मेंढ्या-शेळ्यांतला ब्रुसेला, मेलिटेन्सिस, माणसाला गाईच्या ब्रुसेलापेक्षा जास्त त्रास देतो. चिकोडी-अथणीकडची धनगर मंडळी उघड्या हातांनी मेंढीची वीण करतात, कोकरू तोंडाशी धरून फुंकर घालतात. ते तुमचे सभासद नाहीत हे खरं. पण त्यांचा कळप तुमच्या सभासदाच्या रानात बसतो आणि त्याच रानातली वैरण गोठ्यात येते. लसीच्या आणि तपासणीच्या कार्यक्रमात त्यांचा नंबर कधी लागणार, हे तुम्हीच खात्याला विचारा. त्यांच्या वतीनं विचारणारं दुसरं कुणी नाही.

कायद्याचंही एक सांगून ठेवते. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा केंद्राचा कायदा आहे, ब्रुसेलोसिस त्याच्या यादीत आहे, आणि असा रोग असल्याचा संशय आला तर मालकानं तो कळवायचा असतो. आजवर कुणी कळवत नाही, कारण कळवून काय मिळतं ते वर लिहिलंच आहे. हा कायदा सभेत धमकी म्हणून वाचू नका. वाचलात तर पुढच्या वर्षी एकही गाय गाभडलेली तुमच्या कानावर येणार नाही.

खर्चाच्या यादीत दोन वस्तू लगेच घाला. कोपराच्या वर जाणारे प्लास्टिकचे हातमोजे आणि चुन्याची पोती. कुणाचीही गाय गाभडली की सेक्रेटरीनं मोज्यांची एक जोडी आणि अर्धं पोतं चुना द्यायचा, हिशेब नंतर. वासरू, जार, खाली पडलेला पेंढा सगळं खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती, कुत्र्याला उकरता येणार नाही एवढी. पोटुशी बाई त्या गोठ्यात जाणार नाही. गोठा पाइप लावून धुवायच्या आधी डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक मारायचं आणि रक्ताचा, जाराचा नमुना घ्यायला डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायचं. जार हातानं ओढायचा नाही. तो उतरत नसेल तर डॉक्टरांवर सोपवायचा.

ठरावाचा मसुदा मी मराठीत लिहून ठेवला आहे, कन्नड करून द्यायला आमच्या शाळेतले एक सर तयार आहेत. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक म्हणून एका सभासदाला विचारून ठेवलंय. त्यांची गाय मागल्या पावसाळ्यात गाभडली, आणि त्यांनी तसं सभेत उभं राहून सांगायचं कबूल केलं आहे. नोटीस निघायच्या आधी विषय क्रमांक तेवढा कळवा.

आपली,
निपाणी तालुक्यातली एक दूध उत्पादक सभासद